इन्स्टाचे फॉलोअर्स वाढले पण गिऱ्हाईक दुखावलं, आता कुठून सुरुवात करू?

गिरणीची_सून (कर्वेनगर)

नमस्कार, जरा मोठं लिहितेय पण पूर्ण वाचून मगच सांगा प्लीज. आमची कर्वेनगरला पिठाची गिरणी आहे, सासऱ्यांनी ३० वर्षांपूर्वी टाकलेली. दळण तर आहेच, शिवाय थालीपिठाची भाजणी, मेतकूट, आंबोळीचं पीठ, गणपतीत मोदकाची पिठी असं सगळं आम्ही घरी करून विकतो. आसपासच्या सोसायट्यांतले लोक सकाळी डबे ठेवून जातात, झाकणाखाली नावाची चिठ्ठी, आणि कुणाला भाकरीला बारीक लागतं, कुणाला लाडवाला रवाळ लागतं हे सगळं दादांना (सासऱ्यांना) तोंडपाठ आहे, चिठ्ठी वाचायचीसुद्धा गरज पडत नाही.

मागच्या दिवाळीनंतर मला वाटायला लागलं की आपणही सोशल मीडियावर असायला पाहिजे, तयार पिठाची पाकिटं आता घरपोच येतात, नवीन बिल्डिंगमधल्या लोकांना गिरणी आहे हेच माहीत नसतं. माझा मुलगा लहान म्हणून मला वेळ नव्हता, तर एका एजन्सीला महिना ८ हजार रुपयांवर काम दिलं. रोज एक पोस्ट, आठवड्याला दोन रील, आणि आलेल्या मेसेजना उत्तरंही तेच देणार असं ठरलं. सहा महिन्यांत ३०० चे ४१०० फॉलोअर्स झाले. मला खरंच आनंद झाला होता, घरात सगळ्यांना आकडा दाखवायचे.

मग गेल्या महिन्यात एक ताई दुकानात आल्या. त्यांच्या सात वर्षांच्या मुलाला सिलिॲक आहे, म्हणजे गव्हाचा कणसुद्धा चालत नाही. त्यांनी आमच्या इन्स्टावर विचारलेलं की तुमचं ज्वारीचं पीठ ग्लुटेन फ्री आहे का, आणि आमच्या पेजवरून उत्तर गेलेलं, "हो मॅम, १०० टक्के ग्लुटेन फ्री", पुढे हात जोडलेले आणि एक बदाम. ज्वारीत ग्लुटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) नसतं हे खरं आहे, पण आमच्याकडे दिवसभर गहू दळला जातो आणि ज्वारी त्याच दगडांतून निघते. तीन आठवडे त्यांनी ते पीठ वापरलं आणि मुलाचं पोट परत दुखायला लागलं. त्या अजिबात ओरडल्या नाहीत, फक्त मोबाईल माझ्यासमोर धरला. आमच्याच पेजवरचा तो मेसेज मी तेव्हा पहिल्यांदा वाचला.

दादांना सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, माझ्या गिरणीच्या नावाने हे कोण बोललं? मला उत्तर देता आलं नाही. दोन दिवस ते नीट जेवले नाहीत.

त्या रात्री मी बसून सगळा इनबॉक्स वाचला. साठ-सत्तर मेसेज तसेच पडलेले. भाजणी आहे का, बाणेरला पाठवता का, दुपारी चालू असता का. आमच्याकडे १५ वर्षं डबा ठेवणाऱ्या एक काकू आता बाणेरला मुलाकडे राहायला गेल्यात, त्यांनी आषाढीच्या आधी उपासाच्या भाजणीसाठी दोनदा विचारलेलं. कुणी उत्तरच दिलं नाही.

आता प्रश्न असे की एजन्सी पूर्ण बंद करू का? मी एकटी हे कसं सांभाळू? व्हॉट्सॲपवर लक्ष देऊ की इन्स्टावर? आणि त्या ताईंची माफी मी दुकानात मागितली आहे पण पेजवर सगळ्यांसमोर काही लिहायला पाहिजे का? नवरा म्हणतो लिहू नको, उगाच बोभाटा होईल.

---

लक्ष्मी_रोड_साडीवाला

ताई, आधी व्हॉट्सॲप. मी २२ वर्षं साडीच्या गादीवर बसतोय, त्यातली शेवटची सहा-सात वर्षं निम्मा धंदा फोनवरून होतो, म्हणून अनुभवाने सांगतो. तुमचं गिऱ्हाईक दर आठ-पंधरा दिवसांनी येणारं आहे, त्याला तुम्हाला शोधायचं नाहीये, त्याला विचारायचं असतं की डबा झाला का. त्याच्यासाठी इन्स्टा कशाला?

व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळं ॲप आहे, २०१८ पासून भारतात आहे, फुकट आहे. वेगळा नंबर घ्या, घरचा नंबर देऊ नका नाहीतर रात्री अकरा वाजता पण मेसेज येतील. त्यात वेळ टाकता येते, दुकान बंद असताना आपोआप मेसेज जातो की सकाळी अमुक वाजता उत्तर देऊ. लेबल लावता येतात, मी "लग्नाची खरेदी", "पैसे बाकी", "फॉल-पिको चालू" अशी लावलीत, तुम्ही "डबा तयार", "पार्सल", "उपासाची भाजणी" अशी लावा. कॅटलॉगमध्ये भाजणीचे फोटो आणि भाव टाकून ठेवा म्हणजे शंभर वेळा भाव टाईप करायला नको. आणि तोच नंबर आणखी चार ठिकाणी जोडता येतो, गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरवर पण चालतो.

ब्रॉडकास्टचं (एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायचं) नीट समजून घ्या, इथे बहुतेक जण चुकतात. एका यादीत २५६ जण बसतात आणि ज्याने तुमचा नंबर त्याच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. म्हणून आम्ही बिल देतानाच विचारतो की नवीन माल आला की कळवू का, हो म्हणाले तर त्यांच्यासमोर नंबर सेव्ह करून देतो. नाही म्हणाले तर विषय संपला. सोसायटीच्या ग्रुपमधून नंबर उचलून मेसेज टाकायचा मोह कधी करू नका, लोक ब्लॉक करतात, रिपोर्ट करतात, आणि असे रिपोर्ट वाढले की नंबरच बंद होतो. आमच्या ओळखीतल्या एका दुकानाचा ऐन लग्नसराईत बंद झाला, सगळी गिऱ्हाइकं त्या एका नंबरात.

आणि रोज सुप्रभात, फुलांचे फोटो वगैरे पाठवू नका, हात जोडून सांगतो. आम्ही महिन्यात दोन पाठवतो फक्त, त्यामुळे आलेला मेसेज लोक उघडून बघतात.

---

हिंजवडी_शिफ्ट

मी नऊ वर्षं मोठ्या कंपन्यांच्या सोशल मीडिया डेस्कवर काम केलंय, म्हणजे ट्विटर, फेसबुक, इन्स्टावर जी उत्तरं येतात ती टाईप करणाऱ्यांपैकी एक. तुमची पोस्ट वाचून पोटात कालवलं, कारण हे असं का होतं ते मला आतून माहीत आहे.

एजन्सीतला मुलगा वाईट नसतो. त्याच्याकडे एकाच वेळी १५-२० पेजेस असतात, एक सलूनचं, एक जिमचं, एक तुमचं. त्याला सांगितलेलं असतं की उत्तर लवकर दे आणि गोड दे. ग्लुटेन म्हणजे काय हे त्याने गुगल केलं असेल, ज्वारीत नसतं असं वाचलं असेल, लिहून टाकलं हो. तुमची गिरणी त्याने बघितलेलीच नाही. मोठ्या कंपनीत आमच्यासमोर एक फाईल असायची, कुठल्या प्रश्नाला काय बोलायचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठल्या प्रश्नाला आपण बोलायचंच नाही, वर पाठवायचं. तब्येत, लहान मुलं, पैसे परत, अपघात, हे शब्द दिसले की हात कीबोर्डवरून बाजूला. तुमच्या एजन्सीला अशी फाईल कुणी दिलीच नव्हती, आणि ती त्यांनी मागायला हवी होती.

म्हणून एजन्सी ठेवायची असेल तर फोटो, रील, डिझाईन एवढंच त्यांच्याकडे ठेवा. मेसेज आणि कमेंट तुमच्याकडे. आणि आजच्या आज बघा की पेज कुणाच्या नावावर आहे. इन्स्टाला ईमेल आणि मोबाईल तुमचा आहे का, फेसबुक पेजचा पूर्ण ताबा तुमच्या अकाउंटला आहे का. बऱ्याच एजन्सी स्वतःच्या ईमेलवरून उघडतात आणि मग काम थांबवलं की पेजही जातं. व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावून ठेवा.

आता माफीचं. तुमच्या मिस्टरांचं मला पटत नाही. ज्या पेजवरून चुकीचं सांगितलं त्याच पेजवरून बरोबर सांगायला पाहिजे, कारण तो प्रश्न फक्त त्या ताईंनी विचारलाय असं कशावरून? तुम्ही त्या सत्तर मेसेजमध्ये बघा, मला खात्री आहे अजून एखादा तरी सापडेल. ताईंचं नाव, मुलाचं वय, काही लिहायचं नाही, ते त्यांचं खाजगी आहे. फक्त एवढं की आमच्या पेजवरून ज्वारीचं पीठ ग्लुटेन फ्री असल्याचं सांगितलं गेलं ते चूक आहे, गहू आणि ज्वारी एकाच गिरणीत दळतो, ज्यांना ग्लुटेन अजिबात चालत नाही त्यांनी हे पीठ वापरू नये. खाली तुमचं नाव. कमेंटमध्ये कुणी रागावलं तर डिलीट करू नका, एकदा तिथेच शांतपणे उत्तर द्या आणि पुढचं बोलणं फोनवर घ्या.

लोकांना रेल्वेचं आठवत असेल, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री होते २०१४ ते २०१७, तेव्हा चालत्या गाडीतून लोक ट्वीट करायचे की बाळाला दूध पाहिजे आणि पुढच्या स्टेशनवर दूध यायचं. आम्हाला ट्रेनिंगमध्ये हे उदाहरण द्यायचे. पण खरी गोष्ट ट्वीटच्या पुढे होती, तो निरोप त्या विभागाच्या कंट्रोल रूमला जायचा आणि तिथून कुणीतरी माणूस उठून डब्यापर्यंत चालत जायचा. तुमच्याकडे तो माणूस दादा आहेत हो. त्यांना विचारून उत्तर द्या, तासभर उशीर झाला तरी चालतो. "विचारून सांगते" हे दोन शब्द कुणालाही राग आणत नाहीत.

---

सायकल_दुरुस्ती_सिंहगड_रोड

वर सगळे बरोबर बोलले पण इन्स्टाला एकदम सोडून देऊ नका, इथे माझं वेगळं मत आहे. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉक बंद झालं आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाने आपल्याकडे रील चालू केलं, मी त्या लॉकडाऊनमध्ये रिकामा बसलेलो म्हणून सायकलची चेन कशी साफ करायची, ब्रेक कसा आवळायचा असे छोटे व्हिडिओ टाकायला लागलो, घरातल्या प्रकाशात, कसलंही म्युझिक नाही. आज माझ्याकडे खराडी, वाघोलीवरून लोक सायकल घेऊन येतात. व्हॉट्सॲपवर ओळखीचा माणूस टिकतो पण अनोळखी माणूस तिथे येणारच कसा?

फक्त रील कशाचं करायचं ते बघा. एजन्सीने तुमचं काय केलं असेल ते मी न बघता सांगतो, पिठाच्या परातीवर गाणं आणि वर "आईच्या हातची चव". असली रील कुणाच्याही गिरणीची असू शकते. तुमच्याकडे दगडाला टाकी लावतात ना? छिन्नी-हातोडी घेऊन माणूस बसतो आणि गुळगुळीत झालेल्या दगडाला परत खाचा पाडतो, ते पुण्यातल्या किती मुलांनी बघितलंय? ते दाखवा. दादांना विचारा पीठ हातावर घेऊन चिमटीत चोळून कसं ओळखतात बारीक झालंय की नाही, ते दाखवा. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं म्हणून आठवड्यापुरतंच दळून न्या, हे गिरणीवाला स्वतः सांगतो तेव्हा माणसाचा विश्वास बसतो, कारण त्यात तुमची विक्री कमी होतेय हे त्याला दिसतं.

अजून एक, ४१०० मुळे आता तुम्हाला फुड ब्लॉगर लोकांचे मेसेज येतील की एवढे पैसे द्या, आम्ही व्हिडिओ करतो. घ्यायचा तर घ्या पण पैसे दिलेत किंवा माल फुकट दिला तर व्हिडिओवर जाहिरात असल्याचं लिहायला लावा, २०२१ पासून जाहिरात परिषदेचा तसा नियम आहे, आणि न लिहिता केलं तर पुण्यातले लोक कमेंटमध्ये लगेच विचारतात.

---

कोथरूडची_आई

मी इथे सहसा लिहीत नाही, पण माझ्या मुलीला सिलिॲक आहे, ११ वर्षांची आहे, म्हणून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आमच्यासाठी तो इनबॉक्समधला प्रश्न म्हणजे सहज केलेली चौकशी नसते. आपल्याकडे पाकिटावर ग्लुटेन फ्री लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असावं लागतं, एवढी ती रेघ बारीक आहे, आणि गव्हाच्या गिरणीत दळलेली ज्वारी ती रेघ सहज ओलांडते. मी घरघंटी घेतली ती याच्यासाठीच. तोपर्यंत दोन वर्षं मी गिरण्यांमध्ये विचारत फिरले, आणि तुम्हाला सांगते, सगळ्यात जास्त आधार मला एका गिरणीवाल्या काकांच्या "नाही"ने दिला. ते म्हणाले ताई, माझ्याकडे गहू चालतो, मी कितीही पुसलं तरी दगडाच्या खाचेत राहतो, मुलीला देऊ नका. त्यांच्याकडून माझ्या सासूबाई आजही घरचा गहू दळून आणतात, आणि मी दहा जणांना तरी त्यांचं नाव सांगितलंय.

तुमच्या प्रोफाईलवर वरतीच लिहा, सगळी धान्यं एकाच गिरणीत दळली जातात. आमच्यासारख्यांना विचारायची वेळच येणार नाही. आणि त्या ताईंना थोड्या दिवसांनी एकदा फोन करून मुलगा कसा आहे विचारा. काही द्यायला जाऊ नका, भाजणीचं पाकीट वगैरे नको, नुसतं विचारा. माझ्याबाबतीत चुकलेल्यांपैकी आजवर कुणी विचारलेलं नाही.

---

पर्वती_पायथा

थोडक्यात. गुगलवरची माहिती बघितली का? "जवळची पिठाची गिरणी" असं शोधणारा माणूस इन्स्टावर जात नाही, मॅपवर जातो. गुगल बिझनेस प्रोफाईल फुकट आहे (आधी त्याला माय बिझनेस म्हणायचे). वेळ बरोबर टाका, दुपारी बंद असता तर तसं, आणि सणाची सुट्टी आदल्या दिवशी बदला. मी एकदा भर उन्हात डबा घेऊन एका गिरणीवर गेलो, मॅपवर चालू, प्रत्यक्षात कुलूप. परत गेलो नाही. रिव्ह्यूला उत्तर देताना सगळ्यांना एकच "धन्यवाद" चिकटवू नका, त्यांनी चकलीच्या भाजणीबद्दल लिहिलं असेल तर चकलीबद्दल बोला.

---

गिरणीची_सून (कर्वेनगर)

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस वाचत होते आणि एकेक करत होते म्हणून उत्तर उशिरा देतेय.

पेज एजन्सीच्याच ईमेलवर निघालं, हिंजवडी ताई तुम्ही म्हणालात तसंच. त्यांनी कुरकुर न करता बदलून दिलं, ते चांगलं झालं. मेसेज आता माझ्याकडे आहेत. जुन्या मेसेजमध्ये ग्लुटेनचा अजून एक प्रश्न सापडला, एप्रिलमधला, त्यांनाही तेच उत्तर गेलेलं. त्यांना मी फोन केला. त्या स्वतःसाठी वजन कमी करायला घेत होत्या, आजार काही नव्हता, पण फोन वाजेपर्यंत माझे हात थंड पडलेले.

माफीची पोस्ट काल टाकली. मी लिहिलेली दादांना वाचून दाखवली तर ते म्हणाले, "आमच्या पेजवरून सांगितलं गेलं" असं नको, "आम्ही सांगितलं" असं लिही. तसं लिहिलं. बोभाटा काही झाला नाही, ३० एक जण अनफॉलो करून गेले. आणि एका डॉक्टरांनी खाली विचारलं की हे मी माझ्या पेशंटना पाठवू का.

कोथरूडच्या ताई, फोन केला मी. मुलगा आता बरा आहे, शाळेत जातोय. पाच मिनिटं बोललो, पिठाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही.

बाणेरच्या काकूंना भाजणी पाठवली, व्हॉट्सॲपवर दादांनी स्वतः आवाजात निरोप दिला, "वहिनी, धणे नेहमीपेक्षा थोडे जास्त घातलेत, तुम्हाला आवडतात तसे". काकूंनी तो निरोप त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि तिथून सहा ऑर्डर आल्या. दादा आता रोज संध्याकाळी विचारतात की कुणाला काही सांगायचंय का. मी टाईप करण्यापेक्षा त्यांनी बोललेलंच पाठवते, वेळही कमी जातो.

सायकलवाले दादा, येत्या बुधवारी दुपारी टाकी लावणारे मामा येणार आहेत, व्हिडिओ करायचं ठरवलंय. पण दगडाची कच उडते आणि पीठ तर सगळीकडे असतंच, मोबाईल खराब नाही का होणार? आणि कुठून धरू, समोरून की वरून?

---

सायकल_दुरुस्ती_सिंहगड_रोड

बाजूने धरा, मामांच्या खांद्याच्या उंचीवर, म्हणजे हात आणि खाचा दोन्ही दिसतील आणि कच तोंडावर येणार नाही. चार्जिंगच्या भोकावर चिकटपट्टी लावा, कॅमेऱ्याच्या काचेवर काही लावू नका, मधेमधे मऊ कापडाने पुसा. गाणं टाकू नका, टाकीचा आवाज तसाच ठेवा. आणि आधी मामांना विचारा, चेहरा दाखवलेला चालेल का.